थांबण्याचा ठराव

पत्रक लिहिताना पहिल्याच ओळीत मुद्दा यावा लागतो, नाहीतर माणूस न वाचताच त्या कागदात शेंगा बांधून घेतो. तर मुद्दा असा, की मला गुदाशयाचा कॅन्सर झाला. गुदाशय म्हणजे आतड्याचं शेवटचं टोक, जिथं शी साठते आणि जिथून ती बाहेर पडते. हे वाचून ज्यांनी नाक मुरडलं त्यांच्यासाठीच मी लिहितोय. या मुरडलेल्या नाकांच्या भीतीनं आपल्याकडची माणसं रक्त पडतं ते सांगत नाहीत, मूळव्याधीची पाटी बघून कुठल्याही खोलीत शिरतात आणि खऱ्या डॉक्टरकडे पोचेपर्यंत गाठ फार पुढं गेलेली असते. माझी लवकर सापडली. त्यात माझी हुशारी काही नाही. कारखान्यातल्या संडासात रक्त बघून मला चक्कर आली आणि पडल्याचा आवाज बाहेर गेला, एवढंच.

मी बेळगावजवळच्या उचगावचा. दिवसा बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात लेथवर काम करायचं आणि संध्याकाळी सीमाभागातल्या मराठीच्या चळवळीत. माझ्याकडे पत्रकं लिहायचं काम. कॉलेज सोडल्यापासून दुसरं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे आवाज जरा चढा लागेल. सांभाळून घ्या.

निदानाचा दिवस

बेळगावातल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि माझ्याऐवजी आप्पांकडे तोंड करून बोलायला सुरुवात केली. आप्पा म्हणजे माझे वडील. ते बिचारे टोपी मांडीवर ठेवून बसलेले. डॉक्टरांनी एका कागदावर आतडं काढलं, खालचा भाग खोडला, पोटाच्या डाव्या बाजूला एक गोल काढला.

"हा भाग पूर्ण काढायचा. खालची वाट शिवून बंद. इथून नवीन वाट, त्याला पिशवी. कायमची. लवकर सापडलंय, नशीब समजा."

"दुसरा काही मार्ग?" मी विचारलं.

"हाच मार्ग आहे," ते आप्पांना म्हणाले.

खरं म्हणजे ते चुकीचं सांगत नव्हते. ते ऑपरेशन चांगलं आहे, त्यानं माणसं वाचतात, मीही वाचलोय. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. दुसरा मार्ग होता. तो माझ्यासाठी योग्य की अयोग्य हे पुढचं. पण तो आहे, एवढं सांगायला काय लागतं? ज्याच्या पोटावर तो गोल उमटणार, त्याच्याकडे बघून बोलायला काय लागतं?

जिना उतरताना आप्पा म्हणाले, "काढून टाकूया रं. रताळ्याला किडा लागला की तेवढाच भाग कापून उरलेलं उकडून बघ, सगळंच कडू लागतंय. मुळासकट काढलेलं बरं."

आमची रताळ्याची शेती आहे. आप्पांचं ज्ञान रताळ्यापुरतं अगदी बरोबर आहे.

घरी आल्यावर माझी बायको सुजाता म्हणाली, "एक शर्ट घ्यायला चार दुकानं फिरता. आता पयल्याच दुकानात कापून घेताय व्हय?"

म्हणून आम्ही कोल्हापूरला गेलो.

मॅडम

कोल्हापूरच्या डॉक्टर मॅडम वयानं फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी तपासलं, पुन्हा एक स्कॅन करायला लावला आणि मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. माझ्यासमोर, आप्पांसमोर नव्हे.

त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत असं: तुमची गाठ लहान आहे आणि भिंतीच्या आतच आहे. आधी रेडिएशन आणि सोबत गोळ्या देऊन बघता येईल. काहीजणांची गाठ त्यात पूर्ण विरघळते. तुमची तशी विरघळली तर लगेच कापायचं नाही. थांबायचं आणि नजर ठेवायची.

"थांबायचं?" माझा आवाज चढला. "मॅडम, आमच्या आज्याला थांबा म्हणून सांगितलं. बापाला थांबा म्हणून सांगितलं. मला थांबा म्हणत्यात. आता पोटात कॅन्सर घेऊनपण मी थांबू?"

मॅडमना आधी कळलं नाही. सुजातानं हळूच सांगितलं, "सीमाप्रश्नाचं बोलाय लागल्यात." मॅडम हसल्या नाहीत, म्हणून मला त्या आवडल्या.

"तुमच्या आजोबांना पुढची तारीख दिली होती का कुणी?"

"न्हाय."

"मी देते. दर तीन महिन्यांनी यायचं. बोटानं तपासणी, दुर्बीण, स्कॅन. गाठ विरघळली नाही तर ऑपरेशन. विरघळून परत आली तरी ऑपरेशन. यातली एकसुद्धा तारीख चुकवणार असाल तर आत्ताच सांगा, मी तुम्हाला सर्जनकडे पाठवते. चुकवणाऱ्या माणसाला हा मार्ग मी देत नाही."

परतीच्या गाडीत मी दोन्ही मार्ग तोलून बघत होतो. खरं सांगू? मला ऑपरेशनच बरं वाटत होतं. एकदाचा निकाल लागतो. अर्ध्यावर मिटवलेलं काही आमच्या रक्तालाच मानवत नाही.

सभा

रविवारी चळवळीतली माणसं मला भेटायला आली. आमच्यात पाच-सात माणसं एका जमखान्यावर बसली की त्यांची सभा होते, याला इलाज नाही. मास्तर होते. मास्तर म्हणजे गावातले निवृत्त शिक्षक, आमच्या प्रत्येक सभेचे कायमचे अध्यक्ष. आणि बाळू होता, माझा लहानपणापासूनचा दोस्त, जो माईक दिसला की दम लागेपर्यंत बोलतो.

मी दोन्ही मार्ग सांगितले. बाळू उसळलाच.

"थांबा म्हंत्यात? दिल्ली म्हणाली थांबा, कोर्ट म्हणालं थांबा. आता डाक्टरबी? ह्ये तडजोडीचं औषध हाय. आपल्याला न्हाय चालायचं!"

"अध्यक्षांच्या परवानगीनं मी असं म्हणेन..." मास्तर घसा खाकरून म्हणाले.

"मास्तर, अध्यक्ष तुमीच हाय."

"व्हय की. तर रुग्णानं कोणत्याही अर्धवट उपायास बळी न पडता शस्त्रक्रिया करून घ्यावी, असा ठराव मांडतो. हात वर करा."

सगळ्यांचे हात वर गेले. आणि तुम्ही हसा, पण माझाही गेला. सवयच ती. माझ्या स्वतःच्या गुदाशयाविरुद्ध मी मतदान केलं.

सुजाता चहा घेऊन दारात उभी होती. ट्रे खाली न ठेवताच ती म्हणाली, "माझं मत घ्यायचं ऱ्हायलंय वाटतं."

"वहिनी, ह्यात तुमी..." बाळू म्हणाला.

"मी काय? ती पिशवी कोण धुणार, ठराव मांडणारे का अनुमोदन देणारे? मास्तर, तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन कवापासनं थांबलंय? तिथं न्हाय तडजोड?"

"ते येगळं हाय गं," मास्तर पुटपुटले.

मग ती माझ्याकडे वळली. सगळ्यांसमोर ती माझ्याशी अशी कधी बोललेली नव्हती.

"तुमास्नी बरं व्हायचं न्हाय. तुमास्नी जिंकायचं हाय."

चहा तसाच निवत राहिला. माणसं एकेक करून चपला शोधायला लागली.

संध्याकाळी ती माझ्यासोबत शेताच्या बांधापर्यंत आली. म्हणाली, "आता कोण न्हाय इथं. काय पायजे तुमाला?"

लोकांसाठी काय पाहिजे ते मी तोंडपाठ सांगू शकतो, झोपेतून उठवलं तरी. स्वतःसाठी काय पाहिजे हे विचारल्यावर मला शब्दच सापडेनात. रताळ्याचे वेल सगळीकडे पसरलेले होते, आप्पा लांब कुठंतरी पाणी बघत होते, आणि मला एकदम इतकं भरून आलं की मी खालीच बसलो, आपण शेतात बसतो तसा, दोन पायांवर.

"मला होतं तसं पायजे," मी म्हणालो.

"मग तेवढं मागा की."

ऑपरेशनचा ठराव असा मागं पडला. बाळू त्यानंतर कितीतरी महिने माझ्याशी बोलला नाही.

कोगनोळीचा नाका

माझी आक्का निपाणीत दिलेली आहे. उपचाराचे सगळे आठवडे मी तिच्याकडे राहिलो आणि रविवार सोडून रोज बसनं कोल्हापूरला गेलो. ज्या सीमेबद्दल मी इतकी वर्षं लिहितोय ती सीमा मी रोज दोनदा ओलांडत होतो, आणि माझं लक्ष फक्त ओटीपोटाकडं असायचं.

रेडिएशन दुखत नाही. तुम्ही पालथे किंवा उताणे झोपता, यंत्र तुमच्याभोवती फिरतं आणि थोड्या वेळात उठा म्हणतात. दुखतं ते नंतर, हळूहळू. पहिले काही दिवस मी फुशारकी मारत होतो. मग तिथली कातडी भाजल्यासारखी झाली. बसवत नाही, झोपवत नाही. आक्का टबात कोमट पाणी काढून द्यायची आणि बाहेर रेडिओ मोठा लावायची, मी आत कण्हलेलं घरात ऐकू जाऊ नये म्हणून. तिनं हे मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आणि पोट. जुलाबाला वेळ-काळ राहिला नाही. एकदा परतताना सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्याजवळ मला कळ आली. मी पोट धरून कंडक्टरकडे गेलो. बस कर्नाटकची, कंडक्टर कन्नड. याच गाड्यांवरच्या नुसत्या कन्नड पाट्यांविरुद्ध मी किती पत्रकं काढलीत. त्यानं माझ्या हातातली हॉस्पिटलची फाईल बघितली, चेहरा बघितला आणि सणसणीत शिट्टी मारली.

नाक्यावरचा पोलीस धावत आला, "गाडी इथं नाही थांबवायची, पुढं घ्या!"

"अर्जंट ऐती, अर्जंट!" कंडक्टर त्याच्यावरच कन्नडमधून खेकसला. मला म्हणाला, "त्या हॉटेलमागं हाय, पळा. गाडी जात न्हाई."

मी पोचलो. जेमतेम. परत आलो तर अख्खी गाडी खिडकीबाहेर बघत होती. पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं न बघताच पाण्याची बाटली मागं सरकवली. "घे बाबा," एवढंच म्हणाली.

त्या नाक्यावर मी घोषणा दिल्यात, गाडीपुढं आडवा पडलोय. मागणी आजही तीच आहे आणि मी ती सोडलेली नाही. पण त्या दिवशी मला तिथं फक्त एक दार हवं होतं, आतून कडी असलेलं, आणि ते मिळालं.

बसप्पा

हॉस्पिटलच्या बाकावर बसप्पा भेटला. संकेश्वरकडचा शेतकरी, पन्नाशीचा, माझा तोच आजार, दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेलं. तपासणीला आला होता. "हेंग अदीरी?", म्हणजे कसे आहात, म्हणून त्यानंच सुरुवात केली. माझं कन्नड त्याच्या मराठीएवढंच, त्यामुळे आमचं जमलं.

मी त्याच्या शर्टाकडे चोरून बघत होतो, ते त्याला कळलं. त्यानं भर हॉलमध्ये शर्ट वर केला.

"बघा की सरळ. लाजायचं काय? वरच्या टाकीला नळ बसवतात, मला मदी बसवलाय."

शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली. मी बघितलं. मला वाटत होतं तसं भयंकर काही नव्हतं. खाकी रंगाची एक पिशवी, पोटाला चिकटलेली. मी उगाच इतके दिवस घाबरत होतो असं वाटलं. आणि तरीही मला ती नकोच होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

"तुमाला दुसरा मार्ग कुणी सांगितला न्हाय?" मी विचारलं.

"माझा गोळा मोठा. मला निवड न्हवती. तुमाला हाय?"

"हाय."

"मग घ्या की, मालक. आनी न्हाई जमलं तर मी हाय. पिशवी लावायला शिकवतो. उसात जातो मी, बैल धुतो, पोरीच्या लग्नात नाचलो. एकदाच सुटली ती. ती पन व्याह्याच्या अंगावर."

तो इतका हसला की नर्स रागावली.

दीड वर्ष

उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी मॅडमनी दुर्बिणीतून बघितलं. स्क्रीन माझ्याकडे फिरवला. गाठ होती तिथं पांढरट व्रण होता, दुसरं काही नाही.

"आता थांबायचं," त्या म्हणाल्या. या वेळी मला तो शब्द टोचला नाही.

खोटं लिहीत नाही, वाचवलेला अवयव अगदी पूर्वीसारखा नव्हता. घाई लागायची. मिसळ बंद झाली. बाहेर जाताना आधी संडास कुठं आहे ते बघून ठेवायची सवय लागली. आणि तारीख जवळ आली की घरात सगळे हळू बोलायचे. सुजाता आदल्या दिवशी मीठ विसरायची. एकदा मी तारीख पुढं ढकलूया म्हणालो, एक मोठा मोर्चा होता. तिनं माझी प्रवासाची बॅग भरून दारात ठेवली आणि आप्पांना म्हणाली, "मोर्चाला तुमी जावा."

पण बाकी सगळं माझं होतं. लेथवर उभा राहिलो. जमखान्यावर मांडी घालून सभा ऐकल्या. बाळू एका संध्याकाळी आला, शेजारी बसला आणि म्हणाला, "नव्या पत्रकात दोन ओळी माझ्या घाल." म्हणजे भांडण मिटलं. हंगामात आप्पांबरोबर रताळी काढली. उकरून काढलेल्या मातीचा वास, हाताला लागलेला चीक, बांधावर तिथंच भाजून खाल्लेलं एखादं. त्या काळात मला असं सारखं व्हायचं: समोरची गोष्ट चालू असतानाच तिची आठवण यायची.

बोट थांबलं

दीड वर्षानंतरच्या एका तपासणीत मॅडमचं बोट एका जागी थांबलं.

ते थांबलं आणि मला कळलं. त्यांनी काही बोलायच्या आधी.

"इथं काहीतरी आहे," त्या म्हणाल्या. मग तपासायला तुकडा, रिपोर्ट, स्कॅन. परत आली होती, तिथल्या तिथंच, लहान. बाहेर कुठं पसरलेली नव्हती. ठरल्याप्रमाणे ऑपरेशन. तेच, पहिल्या दिवशी कागदावर काढलेलं.

ते झालं. पोटाच्या डाव्या बाजूला वाट आली, खालची कायमची बंद झाली. बरेच दिवस मी कुशीवरच होतो. बसप्पाला कुणीतरी कळवलं असावं. तो संकेश्वरहून दोन बस बदलून आला आणि नर्सला बाजूला सारून मला पिशवी लावायला शिकवली. "आसं दाबायचं. पत्रक चिकटवता न्हवं भिंतीला? तसंच."

आणि मग ते सुरू झालं, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. भेटायला येणारा प्रत्येक माणूस. "पयल्यांदाच कापलं असतं तर? शेवटी तेच झालं न्हवं? उगाच दीड वर्ष घालवलं."

घालवलं?

ऐका. परत येऊ शकते हे मला आधी सांगितलेलं होतं. आली तर कापायचं हेही ठरलेलं होतं. मी तारखा पाळल्या म्हणून ती लहान असतानाच सापडली, आज माझ्या अंगात कॅन्सर नाही आणि पुढच्या तपासण्या चालू आहेत. कितीतरी जणांची परत येतच नाही. त्यांची जुनी वाट कायमची राहते. माझी आली. त्यानं माझं दीड वर्ष खोटं होत नाही. ते मी जगलो. कुणी दान दिलेलं नाही, मी मागून घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं आणि ते मिळालं. त्याला वाया गेलं म्हणणाऱ्याला माझ्या घरात चहा मिळणार नाही.

हे मी बाळूला सुनावलं तेव्हा आप्पा दारात चिखलाचे पाय धूत होते. एरवी ते मधे पडत नाहीत. म्हणाले, "बाळ्या, त्यानं त्या हंगामात माझ्यासंगं बसून रताळी काढली. गप ऱ्हा."

ज्याला आज कळलंय त्याला

तुमच्यासमोर कुणी कागदावर गोल काढत असेल तर विचारा: माझी गाठ कुठवर गेली आहे? ती विरघळवून बघता येईल का? माझ्यासाठी का येणार नाही? नाही म्हणाले तरी विचारा. कारण सांगणं हे त्यांचं काम आहे. आणि थांबायचा मार्ग घेतलात तर तारीख म्हणजे तारीख. लग्न, हंगाम, मोर्चा, काही आड येऊ द्यायचं नाही. जमत नसेल तर सरळ ऑपरेशन घ्या, त्यात काडीची लाज नाही. पिशवी घेऊन मी कारखान्यात जातो, सभेत बोलतो. भाषण चालू असताना ती कधी आवाज करते, तेव्हा बाळू टाळ्या सुरू करतो. एवढं सगळं जमतं.

आता एक शेवटचं. ते कुठल्या माहितीपुस्तकात मला सापडलं नाही, म्हणून लिहितो.

पिशवी असली की संडासला लागत नाही. ते आपोआप येतं, तुम्हाला न विचारता. ती कळ, ते पोटातलं सांगणं, आपण एरवी ज्याला वैतागतो, ते संपतं. मला सगळ्यात जास्त आठवण येते ती त्याची. मिसळीची नाही, मोर्चाची नाही.

आणि कधी कधी सकाळी ती कळ येते. अगदी पूर्वीसारखी, खालून, जिथं आता काहीच नाही तिथून. मॅडम म्हणाल्या, असं होतं, अवयव गेला तरी मेंदूला ते लगेच पटत नाही. काहींचं जातं, काहींचं राहतं. मला ते माहीत आहे. तरी मी उठतो. खांद्यावर टॉवेल टाकतो.

"कुठं निघाला?" सुजाता चुलीपुढून विचारते. मग माझ्याकडे बघते आणि तिला कळतं.

"जावा," ती म्हणते. "बसून या."

मी आत जातो, कडी लावतो आणि थोडा वेळ बसतो.